सहा नंबरचे बूट

बाई, मी पुन्हा पळते. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, दोन बाळंतपणं, पित्ताशयाचं एक ऑपरेशन आणि सव्वीस वर्षांची खुर्चीवरची नोकरी झाल्यावर. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा हे तुमच्या कानावर जायचा प्रश्नच नाही. पण मला सांगायचंय ते पळण्याबद्दल नाहीच, बुटांबद्दल आहे. ते मी तीसहून जास्त वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या दोन वर्षांत ते दोघांना सांगितलं, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या तुम्ही राहिलात. आज ऑफिसला सुट्टी आहे. भाकरी-आमटी करून ठेवली, ओटा पुसला आणि इथंच स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही घेऊन बसले.

गारगोटीच्या शाळेत तुम्ही आलात तेव्हा मी आठवीत होते. खेळाच्या तासाला बाई असतात हेच आम्हाला नवीन होतं. पांढरे कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला घट्ट खोचलेला, गळ्यात शिट्टी. पहिल्याच दिवशी तुम्ही मैदानाला दोन फेऱ्या मारून दाखवल्या आणि कुंपणाबाहेर चहाच्या टपरीवर बसलेली माणसं उठून बघायला लागली. तुम्ही तिकडं बघितलंही नाही. आम्ही पोरी घरची जनावरं, शेण, पाणी आवरून यायचो, अनवाणी पळायचो. पोरी असून ‘मी येतो’, ‘मी पळतो’ असंच पोरांसारखं बोलायचो, आणि तुम्ही सांगलीकडच्या असूनही आमचं बोलणं कधी सुधारलं नाहीत, सुधारलंत ते पळणं. “टाच आपटू नको, दगड फोडतीयेस काय? हलकं पड, हलकं.” हे वाक्य मी अजून ऐकते. इथं कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कडेनं पळताना दम लागला, पाय जड पडायला लागले की ऐकते.

तालुक्याची शर्यत मी अनवाणीच जिंकले. शेवटच्या फेरीत पायात काच गेली होती, ती तुम्ही स्वतः सुईनं काढलीत. पुढच्या आठवड्यात मला तुमच्या खोलीवर बोलावलंत. ती खोली मला आत्ताही दिसते. एका बाजूला कॉट, दुसऱ्या बाजूला स्टोव्ह, भिंतीला तीन भांड्यांची मांडणी. स्टोव्हवर दूध ठेवलेलं आहे. तुम्ही कॉटखालून पुठ्ठ्याचं खोकं काढता, मला पाटावर बसवता आणि माझ्यापुढं जमिनीवर बसून माझ्या पायात बूट घालता. खरे पळायचे बूट, निळ्या पट्ट्यांचे. तुम्ही ते कोल्हापूरहून आणलेत. “माझा सात. म्हटलं, हिला सहा येईल. उभी राहा बघू.” मी उभी राहते. दोन्ही अंगठे पुढं टेकून दुमडतात. करंगळीच्या बाजूनं पाय आवळतो. तुम्ही अंगठा बुटाच्या टोकावर दाबून बघायला हात पुढं करता, आणि तेवढ्यात दूध उतू जातं. तुम्ही उठता, स्टोव्ह बारीक करता, फडक्यानं पुसता, आणि पुसता पुसता पाठमोऱ्याच विचारता, “बसतायत का गं?”

“बरोब्बर बसतायत, बाई,” मी म्हणाले.

का म्हणाले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. तुम्ही रागावला नसता. पुढच्या खेपेला बदलून आणले असते. पण तुमची कोल्हापूरची खेप दोन-तीन महिन्यांनी व्हायची, आणि आमच्या घरात पोरीसाठी बूट ही वस्तूच नव्हती. एकदा हे खोकं परत गेलं की ते माझ्याकडं यायचं नाही, एवढंच मला कळत होतं. हातातलं सोडायचं नाही, ही अक्कल चौदाव्या वर्षी भरपूर असते.

मग ते तीन महिने. तुम्ही माझ्या वहीत लिहून दिलं होतं, कुठल्या दिवशी किती पळायचं, आणि रविवारपुढं मोठ्या अक्षरात ‘विश्रांती’. मी रविवारीही पळायचे. आईला दुधाची किटली पोचवून येते असं सांगायचे आणि वेदगंगेच्या पुलापर्यंत जाऊन यायचे. बूट होते ना माझ्याकडं! पहिल्या पंधरवड्यात दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. अंगठ्यावर भार नको म्हणून मी पायाच्या बाहेरच्या कडेवर पळायला शिकले, आणि तसं पळता पळता डाव्या नडगीत दुखायला लागलं. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग नुसतं चालतानाही. बोट ठेवून दाखवता येईल एवढ्या एकाच जागी. आईला सांगितलं गोठ्यात घसरले. ती चुलीपुढं बसून गरम तेल-हळद चोळायची आणि मी दातओठ खायचे. तुम्ही मला तीनदा विचारलंत, हे मला पक्कं आठवतं. एकदा मैदानावर, एकदा वर्गाच्या दारात, आणि एकदा कोल्हापूरला जाताना यष्टीत. “लंगडतीयेस का?” तिन्ही वेळा मी म्हणाले, “न्हाई बाई.”

जिल्ह्याच्या शर्यतीत तीन हजार मीटरला मी पाचव्या फेरीपर्यंत पुढं होते. सहाव्या फेरीच्या वळणावर नडगीत काहीतरी कट्कन झालं. वाळलेली काटकी मोडावी तसं. मी पडले नाही, चार पावलं आणखी पळाले, मग पडले. तुम्ही साडीसकट धावत आलात, मला पाठंगुळी घेतलंत आणि मैदानाच्या फाटकापर्यंत नेलंत. रिक्षात तुम्ही सारखं एकच म्हणत होता, “माझं चुकलं गं. माझं चुकलं.” आणि मी रडत होते. दुखत होतं म्हणून, आणि तुमचं काही चुकलेलं नव्हतं हे मला माहीत होतं म्हणूनही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आमचे दादा शाळेत आले. दादा म्हणजे माझे वडील, तुम्हाला ते आठवत असणारच, विसरण्यासारखं त्यांनी काही केलं नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत मी प्लॅस्टरचा पाय पुढं करून बाकावर बसले होते. दादा उभेच. “पोरीचा पाय मोडून ठेवलासा,” ते म्हणाले. “उद्या हिला कोण करून घेणार? तुम्ही? पळायला लावतायसा पोरींस्नी घोड्यागत! घरात चार म्हशी हायत, त्या काय शिट्टी वाजवून दूध देत्यात व्हय?” बाहेर व्हरांड्यात पोरं गोळा झाली. मुख्याध्यापक कागद चाळत राहिले. तुम्ही भिंतीला टेकून उभ्या होता. “चूक माझी आहे,” तुम्ही म्हणालात. “मी तिला जास्त पळवलं.”

मला फक्त दोन वाक्यं बोलायची होती. बूट घट्ट होते. मी रविवारी चोरून पळत होते. मी खाली मान घालून प्लॅस्टरवरची कुणीतरी काढलेली वेलबुट्टी बघत राहिले.

मुलींचं पळणं बंद झालं. तुम्हाला कवायत आणि प्रार्थनेची रांग एवढंच काम उरलं. माझ्या मागं पळणाऱ्या सात-आठ पोरी होत्या, त्यातल्या दोघी माझ्यापेक्षा चांगल्या झाल्या असत्या, हे तुम्हीच म्हणायचा. त्याही बंद झाल्या. दहावीला मी दुसऱ्या बाकावर बसायचे आणि तुम्ही वर्गावरून गेलात की पुस्तकात डोकं घालायचे. पुढं तुमची बदली झाली, आजारपणात तुम्ही गारगोटीलाच परत येऊन राहिलात, हे सगळं मला कुणाकुणाकडून कळत गेलं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझा रक्ताचा कागद बघून चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. साखर काठावर होती. रंकाळ्याला चालायला लागले. महिनाभरानं एका सकाळी, समोर कुणी नाही असं बघून, दोन विजेच्या खांबांमधलं अंतर पळाले. मग चार खांब. घरी आले तेव्हा मिस्टर चहा पीत होते. म्हणाले, “एवढी लाल का झालीयास?” मी म्हणाले, पळाले. “आता? ह्या वयात? गुडघं सांभाळ की बाई.” त्यात काळजी होती, पण मला चिडायला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सहा खांब पळाले.

बूट घ्यायला गेले ते सेलमध्ये. जांभळे, दिसायला झकास. दुकानातल्या पोऱ्यानं विचारलं, “नंबर?” मी म्हणाले, सहा. तीसहून जास्त वर्षं मी सहाच सांगत आले होते. चपला, सँडल, लग्नातल्या मोजड्या, सगळं सहा. कुठलीही चप्पल बोटांना लागायची, आणि मला वाटायचं चप्पल म्हणजे लागणारच. तीन आठवड्यांत टाच धरली. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकलं की खिळा मारल्यासारखं व्हायचं. भिंत धरून मोरीपर्यंत जायचे. तरी पळायचे. बाई, मी काहीच शिकले नव्हते.

ऑफिसातल्या मैत्रिणीनं धरून फिजिओकडं नेलं. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. तिनं टाच दाबली, पोटरी दाबली, एका पायावर उभं राहायला लावलं, मग जांभळा बूट हातात घेऊन आत बोटं घातली आणि विचारलं, “काकू, हा नंबर तुम्हाला कुणी सांगितला?”

साधा प्रश्न होता. पण उत्तर लांबचं होतं. मग मी तिला सगळं सांगितलं. दूध, पाट, रविवार, काटकीसारखा आवाज. ती माझ्यासारख्या रोज दहा जणी बघत असेल, पण हातातला बूट बाजूला ठेवून ऐकत राहिली. शेवटी मी विचारलं, पाय बुटानं मोडला का? ती म्हणाली, “नुसत्या घट्ट बुटानं हाड मोडत नाही काकू. पाय वाकडा पडत होता, विश्रांती नव्हती, आणि दुखत असताना तुम्ही पळत राहिलात. दुखणं लपवलं की मोडतं. तुमच्या बाईंना कळायला मार्गच नव्हता.” हे मी तुम्हाला तिच्याच शब्दांत लिहितेय. तुम्ही हे ऐकायला हवं होतं.

तिनं एका दुकानाचा पत्ता दिला. जैन कुटुंबाचं जुनं दुकान, गल्लीत आत. फोन केला तर मालक म्हणाले, “सकाळी येऊ नका ताई. दिवसभर चालून पाय थोडा फुगतोय, तवा माप खरं कळतंय. साडेपाचला या. आमचं जेवण दिवस मावळायच्या आत असतंय, त्याच्या आधी निवांत बघू. आणि पळताना घालताय ते मोजे घेऊन या.” गेले. साठीचे गृहस्थ, त्यांनी स्टूल ओढलं आणि माझे दोन्ही पाय लाकडी पट्टीवर उभ्यानं मोजले. बसून नाही, उभ्यानं. मग डावा पुन्हा मोजला.

“कोण म्हणतंय सहा? डावा साडेसात हाय तुमचा, उजवा सात. आणि पंजा रुंद. एवढी वर्षं पाय कोंबूनच फिरलासा की!”

“मग घ्यायचा कुठला?”

“मोठ्या पायाचा. लहान पायाला मोजा जाड घालता येतोय, मोठ्या पायाला काय कापता येतंय व्हय?” त्यांनी चार जोड काढले. प्रत्येक बूट हातात धरून वाकवून दाखवला. “हे बघा, बोटांपाशी वाकाय पायजे, जिथं पाय वाकतोय तिथं. मधीच घडी पडली तर त्यो बूट दिखाव्याचा.” टाच मागं सटकत नाही ना बघितलं. मग अंगठा माझ्या बुटाच्या टोकावर दाबला. “तुमच्या बोटाफुडं माझा एक अंगठा बसाय पायजे. बसतोय. आता जावा गल्लीत पळून या.”

“गल्लीत? आत्ता?”

“मग काय घरात जाऊन कळणार? पळायचा बूट हाय, पळूनच बघाय पायजे की.”

मी साडीत होते. पदर खोचला आणि गल्लीच्या टोकापर्यंत पळत जाऊन आले. दारात भाजी निवडणाऱ्या दोन बायका बघत राहिल्या. पायाची बोटं बुटात पसरली होती. मला ती दहाही बोटं वेगवेगळी जाणवत होती, आणि दुकानात परत येईपर्यंत मला रडू आलं. मालक घाबरले. “लागतंय काय कुठं?” मी मान हलवली. “कुठंच लागत नाही,” म्हणाले. चौथा जोड घेतला, करड्या रंगाचा. सगळ्यात सुंदर तो नव्हता.

त्यानंतर मी ठरवून पळायला लागले. आधी टाच बरी होऊ दिली. एक दिवस पळायचं, एक दिवस नाही. दर आठवड्याला थोडंसंच वाढवायचं, आणि चौथ्या आठवड्याला कमी करायचं. डांबरावर एक दिवस, विद्यापीठाच्या आवारातल्या मातीच्या वाटेवर दुसरा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओटा धरून टाचा वर-खाली करायच्या. बुटांचा तळ झिजला की नवे, आणि तोवर तेच बूट घालून मंडईत जायचं नाही. रविवारी विश्रांती. एकही रविवार मोडला नाही. हिवाळ्यातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं, आणि मिस्टरांनी ऑफिसात पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगितलं.

शर्यतीला तीन आठवडे उरले असताना डावी नडगी दुखली. बाई, तीच जागा. बोट ठेवून दाखवता येईल एवढी. मी थांबले, बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली बसले आणि नडगी चाचपली. शेजारून माझ्याबरोबर पळणाऱ्या बायकांचा गट पुढं गेला. “काय झालं?” एकीनं ओरडून विचारलं. माझ्या तोंडात ‘काही नाही’ आलेलं होतं. जिभेवर होतं. मी म्हणाले, “दुखतंय. मी थांबतेय.”

तिथून चालतही गेले नाही, रिक्षा केली. फिजिओनं डॉक्टरांकडं पाठवलं, तपासणी झाली. हाड तडकलेलं नव्हतं, तडकायच्या वाटेवर होतं. सहा आठवडे पळणं बंद. शर्यतीच्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला लिंबू-पाण्याचे पेले घेऊन उभी राहिले. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या दोन बायका हसत पुढून गेल्या तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला, हेही लिहून ठेवते. पण संध्याकाळी मी दोन पायांवर चालत घरी आले.

त्या सहा आठवड्यांत मी गारगोटीला गेले. दादा आता ब्याऐंशीचे आहेत, भावाकडं असतात. घराच्या पुढच्या सोप्यात बाजेवर बसून ते उन्हात पाय शेकत होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, “दादा, माझा पाय बाईंनी मोडला नव्हता.” सगळं सांगितलं. मध्येच त्यांनी कानाचं यंत्र नीट केलं, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय राहिली नाही.

“तवाच का बोलली न्हाईस?”

“तुम्हाला भीत होते. आणि बूट काढून घेतील म्हणूनही.”

“आन् मी त्या मास्तरणीला नाय नाय ते बोललो.” त्यांनी पाय उन्हातून आत घेतले. “एकदा स्टँडवर दिसलती. आजारी हुती. मी तोंड फिरवून गेलतो. तिनं हात जोडलंतं मला.” मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, “आता पळतीयास व्हय?”

“व्हय.”

“पळ मग. थांबू नको.”

शर्यत पावसाळ्यानंतर पुन्हा आली. गेल्या रविवारी ती झाली. विश्रांतीचा रविवार मोडला तो एवढ्या एकाच कारणानं. एकवीस किलोमीटर मी हळू, ठरलेल्या वेगानं पळाले. अठराव्याला पोटऱ्या भरून आल्या. नडगीला विचारलं, ती म्हणाली ठीक आहे, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. शेवटच्यांच्या बरीच जवळ होते, पण आले ते माझ्या पायांनी. आता पुढच्या महिन्यापासून ऑफिसातल्या पाच जणींना घेऊन विद्यापीठाच्या वाटेवर जायचं ठरलंय. पहिल्या दिवशी पळवणार नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना संध्याकाळी त्या गल्लीतल्या दुकानात नेणार आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते या वहीतच राहील. एक मात्र खरं सांगून संपवते. तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळीच मला फोन आला होता. गारगोटीला दुपारपर्यंत पोचता आलं असतं. मी आले नाही. ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. बाई, सुट्टी मी मागितलीच नव्हती.